हरणारा फासदोर

फार जुन्या काळची गोष्ट आहे, लहानथोर मंडळींनो. तेव्हा माळाला बांध नव्हता आणि कुंपणही नव्हतं. छातीएवढं गवत नजर पोहोचेल तिथवर डुलायचं आणि त्या गवतातून रानघोड्यांचे कळप फिरायचे.

त्या माळावर एक गाव होतं. गावातली माणसं रानघोडे धरायची, त्यांना माणसाळवायची आणि राजाच्या पागेत पोहोचवायची. घोडा धरायला ती फासदोर वापरायची. फासदोर म्हणजे लांब दोर, आणि त्याच्या टोकाला सरकत्या गाठीचा फास. धावत्या घोड्याच्या मानेवर तो नेमका फेकायचा. घोडा जितका ओढेल तितका फास आवळायचा. शेवटी घोडा दमून उभा राहायचा.

हे फासदोर वळायचा निंबाजी. वय झालेला, एकटा, कमी बोलणारा. अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचे धागे, तो स्वतः भिजवायचा, स्वतः झोडपायचा, स्वतः पीळ घालायचा. तीस वर्षांत त्याचा एक दोर तुटला नव्हता. त्याला ना बायको होती ना मूलबाळ. जवळ होता तो एवढा लौकिक, आणि तो त्याला पुरत असे.

मोठी माणसं जे करतात तेच मुलांना करायचं असतं. गावातली पोरं बापाचा फासदोर गुपचूप उचलून न्यायची. तो जड आणि खरखरीत. कुणाचे तळवे सोलून निघायचे, कुणी दोरात पाय अडकून तोंडावर आपटायचं. शेवटी चारपाच आया मिळून निंबाजीकडे आल्या.

"निंबाजीबाबा, पोरांना खेळायला एखादा हलका दोर वळून द्या," त्यातली एक म्हणाली. "पण असा, की कुठल्याही घराला परवडावा."

निंबाजीनं मान डोलावली. मोठे दोर वळताना जो आखूड वाख उरायचा, तो आजवर चुलीत जायचा. त्याच वाखाचा त्यानं करंगळीएवढा बारीक दोर वळला. जवसाचं तेल लावून तो मऊ केला. टोकाला सरकगाठ मारली आणि अंगणातल्या खुंटावर फेकून ओढून पाहिला. फास सर्रकन आवळला. खऱ्या फासदोरासारखाच! म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

पसाभर जोंधळ्याला एक, या हिशेबानं त्यानं चाळीस दोर वाटले. माळावर दिवसभर पोरांचा आरडाओरडा सुरू झाला. गावचा म्होरक्या होता नाईक. त्याचा मुलगा हैबती, त्याला तर दोर हातातून सोडवेना. राजाच्या पागेचा कारभारी घोडे न्यायला आला होता, त्यानंही पोरांचा खेळ थांबून पाहिला. "पुढच्या महिन्यात येईन," तो म्हणाला. "राजाच्या मुलखातल्या बाराही गावांच्या मुलांसाठी हेच दोर न्यायचे. राजाच्या कानावर घालतो." त्या दिवशी नाईकानं निंबाजीला चावडीवर आपल्या शेजारी बसवलं.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल.

आवडी नावाची एक आठनऊ वर्षांची मुलगी होती. तिनं एक करडू वाढवलं होतं. त्याची आई मेली तेव्हा आवडीनं त्याला बोटानं दूध पाजून जगवलं होतं. त्या दिवशी तिनं खेळता खेळता दोर फेकला आणि पहिल्यांदाच तो बरोबर करडाच्या गळ्यात पडला. केवढा आनंद झाला तिला! तिनं दोराचं दुसरं टोक बोरीच्या बुंध्याला बांधलं आणि ओढ्यावर पाणी प्यायला गेली. करडाला तिच्या मागं जायचं होतं. ते ओढू लागलं. ओढेल तसा फास आवळत गेला.

आवडी परत आली तेव्हा करडू आडवं पडलं होतं. तिनं नखं लावून फास सोडवायचा प्रयत्न केला. तो सुटेना. तिची किंकाळी ऐकून माणसं धावली, त्यांत नाईक होता आणि निंबाजीही होता. निंबाजीनं चाकूनं दोर कापला, पण तोवर सगळं संपलं होतं.

आवडीचा बाप तिच्यावर ओरडला, "जनावर बांधून जातात का कुठं? अक्कल कुठं गेली होती?"

आवडी रडत नव्हती. ती निंबाजीकडे बघत होती. "बाबा, मी गाठ चुकीची मारली का?" तिनं विचारलं. "सोडवायला गेले तर सुटेचना."

निंबाजीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण नाईक शेजारी उभा होता, चारचौघं बघत होती. "पोरीनं लक्ष ठेवायला हवं होतं," नाईक म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. निंबाजी काही बोलला नाही. कापलेला दोर त्यानं कनवटीला खोचला आणि तो घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामाला बसला, पण हात चालेनात. त्यानं नवा खेळण्यातला दोर घेतला, फास डाव्या मनगटात घातला आणि टोक खुंटाला बांधून हात मागं ओढला. फास रुतला. दुसऱ्या हातानं तो सैल करू लागला, पण जरा हिसका बसला की गाठ आणखी घट्ट. बोटं काळीनिळी पडू लागली. तीस वर्षं दोर वळणाऱ्या माणसाला आपलाच दोर सुटेना! शेवटी विळ्यानं कापावा लागला.

मनगटावर निळा वळ उठला होता. मग उठून थेट आवडीच्या घरी गेला. आवडी कोपऱ्यात बसली होती. तिच्या आईनं सांगितलं, "कालपासून तोंडात घास घेतला नाही हिनं."

निंबाजी तिच्यासमोर खाली बसला. "पोरी, गाठ तू चुकीची मारली नाहीस," तो म्हणाला. "दोर मीच चुकीचा केला. आणि हे कालच सांगायला हवं होतं. माझं तोंड उघडलं नाही. मला माफ कर."

तेव्हा कुठं आवडी रडली.

तिथून निंबाजी चावडीवर गेला आणि सगळ्यांसमोर तेच बोलला. "माझे दोर परत द्या," तो म्हणाला. "घेतलेला जोंधळा मी माघारी देतो."

नाईकाच्या कपाळाला आठी पडली. "एका करडापायी? महिन्याभरात कारभारी येणार आहे. गावाचं नाव होतंय, तुझं नाव होतंय. आणि आता म्हणतोस दोर वाईट?"

"नाईक, गळा करडाचा आहे की लेकराचा, हे दोराला कळत नाही," निंबाजी म्हणाला.

तो घरोघर फिरला. पोरं रडली, रुसली, काहींनी दोर गोठ्यात लपवले. आया रागावल्या. पण मनगटावरचा निळा वळ पाहिला की बाया दोर काढून देत. आवडीचा कापलेला धरून चार दिवसांत एकोणचाळीस दोर परत आले. चाळिसावा नाईकाच्या घरात होता.

"माझा हैबती शहाणा आहे," नाईकानं दारातूनच सांगितलं. "त्याला कळतं कसं खेळायचं ते. तू जा."

निंबाजीला वाटलं, याहून चांगला दोर करून दिला तर पोर आपण होऊन जुना टाकेल. तो कामाला लागला. आधी त्यानं न सरकणारी निरगाठ मारून पाहिली. फास आवळत नव्हता, पण खुंटावर पडला तरी लगेच निसटायचा. असल्या दोराशी कोण खेळणार? मग गवताची सैल वेणी घातली. ती हवेतच गुंडाळली जायची, लांब जायचीच नाही. पंधरा दिवस तो जोडत राहिला आणि मोडत राहिला.

आवडी रोज येऊन जवळ बसायची. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, तुमचा दोर कधीच हरत नाही का?"

"कधीच नाही," निंबाजी म्हणाला. सवयीनं त्याच्या आवाजात थोडा ताठा आला.

"पण खेळात तर कुणीतरी हरायलाच हवं. मग दोरच हरू दे की."

निंबाजीचे हात थांबले. जन्मभर त्यानं एकच ध्यास घेतला होता, दोर तुटू नये. आता तुटणारा दोर मुद्दाम करायचा? त्याला ते पटेना. पण संध्याकाळ व्हायच्या आत त्यानं माळावरून गवताची एक लांब पात उपटून आणली.

नवा दोर त्यानं असा केला. दोराच्या टोकाला वाखाचा छोटा डोळा, म्हणजे बारीक कडं, त्यातून दोर सरकायचा आणि फास व्हायचा. मात्र हा डोळा गाठीनं बांधलेला नव्हता. तो गवताच्या एका पातीनं नुसता आवळलेला होता. फास हवेत नीट जायचा, खुंटावर बसायचा, हलक्या ओढीला धरूनही ठेवायचा. पण जोराचा हिसका बसला की पात तुटायची, डोळा उलगडायचा आणि अख्खा फास मोकळा होऊन खाली पडायचा. माळावरची दुसरी पात घेऊन तो पुन्हा बांधायचा. पातीला मोल नव्हतं. लहान पोरालाही ती बांधता यायची. निंबाजीनं तो मनगटात घालून वीस वेळा ओढला. वीसही वेळा तो तुटला. प्रत्येक वेळी म्हाताऱ्याच्या काळजात थोडंसं दुखलं आणि प्रत्येक वेळी त्यानं नवी पात बांधली.

महिना भरला आणि कारभारी आला. चावडीवर सगळा गाव जमला. निंबाजीनं नवा दोर खुंटावर फेकला, ओढला, आणि तो तुटला.

मग कारभारी मोठ्यानं हसला. "नाईक, हाच का तुमचा तो नावाजलेला दोरवाला?" सगळी चावडी हसली. कुणीतरी मागून ओरडलं, "निंबाजीचा दोर तुटला!"

"तुटावा म्हणूनच केलाय," निंबाजी म्हणाला, पण ते कुणाच्या कानापर्यंत गेलं नाही. नाईकाचा चेहरा लाल झाला होता. त्यानं निंबाजीला चावडीवरून उठवलं. कारभारी रिकाम्या हातानं परत गेला.

नाईक घरी निघाला तेव्हा निंबाजी त्याच्या वाटेत उभा राहिला. त्यानं हात जोडले. "माझं हसं झालं, होऊ द्या. पण हैबतीजवळचा दोर तेवढा काढून घ्या."

नाईक न थांबता पुढं गेला.

दोनतीन दिवसांनी टळटळीत दुपारी पोरं माळावर घोडा-घोडा खेळत होती. हैबती घोडा झाला होता. त्यानं आपला जुना दोर स्वतःच गळ्यात घालून घेतला आणि टोक सोबत्याच्या हातात दिलं. सोबत्यानं ते कमरेला गुंडाळलं. हैबती खिंकाळला आणि उतारावरून सुसाट पळाला. सोबती ठेचकाळून पडला. दोर ताठ झाला आणि हैबती गवतात कोसळला.

पोरं ओरडत गावाकडे पळाली. आवडी जवळच बकऱ्यांसाठी गवत कापत होती. ती धावली. फास नखांनी सुटत नाही हे तिला ठाऊक होतं. तिनं गाठीला हातही लावला नाही. फासाचा दोर हैबतीच्या मानेमागं, गाठीशेजारी, जरा सुटा होता, तिथं विळ्याचं टोक घालून तिनं तो कापला.

हैबती जगला. पण गळ्याभोवतीचा व्रण तसाच राहिला आणि आवाज गेला तो गेलाच. पुढं आयुष्यभर तो कुजबुजल्यासारखा बोलायचा. ऐकणाऱ्याला तोंडाशी कान न्यावा लागायचा.

आठ दिवसांनी नाईक निंबाजीच्या अंगणात आला. गेल्या आठ दिवसांत तो फार म्हातारा दिसू लागला होता. तो खाटेवर बसला नाही. वाखाच्या ढिगाशेजारी जमिनीवरच बसला.

"तुम्ही माझ्या दारी आला होतात, बाबा," तो म्हणाला. "चावडीबाहेर हात जोडले होतेत. माझ्या गावाला लोक हसतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं."

"माझ्याही डोक्यात एकदा तेच होतं," निंबाजी म्हणाला. "त्या दिवशी बोरीखालीच मी बोललो असतो, तर सगळ्यांना तेव्हाच पटलं असतं. आणि दोर माझ्याच हातचा होता, नाईक. ते मला विसरता यायचं नाही."

मग नाईकानं वाखाची एक लड उचलली. "मला वळायला शिकवा," तो म्हणाला.

त्या वर्षी नाईक स्वतः बाराही गावं फिरला. प्रत्येक गावात तो मुलांना नवे दोर वाटायचा आणि मोठ्यांना आपल्या मुलाची हकिगत सांगायचा. आपली चूक सांगताना तो एक शब्दही गाळायचा नाही. लोक आधी तुटणाऱ्या दोराला हसायचे, मग हकिगत ऐकून आपापल्या पोरांना पात बांधायला शिकवायचे. पुढं माळावरचे रानघोडे संपले आणि त्यांच्याबरोबर निंबाजीच्या पक्क्या दोरांची कीर्तीही विरून गेली. तुटणारा दोर मात्र पिढ्यान् पिढ्या खेळला गेला, आणि त्यानं कुणाच्याही लेकराचा गळा धरला नाही.

तात्पर्य इतकंच: आपल्या मानापेक्षा लेकराची मान मोठी.