सर्वांत हलकं रीळ

"...आणि हे तिसरं फक्त ऐंशी ग्रॅम. मग आप्पा, हेच घेऊ ना?"

सुजय पणशीकरने गळाची दोरी गुंडाळायची तिन्ही रिळं नॅपकिनवर ओळीने मांडली होती.

आप्पा वाशिवले ओसरीच्या पायरीवर बसून चहा फुंकत होते. त्यांनी रिळांकडे पाहिलं.

धरणाच्या मागच्या अंगाला, नदी जिथे तलावात उतरते तिथे आप्पांचं घर. मत्स्यबीज केंद्रावर तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही; पिसांचा खोटा किडा गळाला बांधायचा आणि नुसत्या दोरीच्या वजनावर तो पाण्यावर अलगद टेकवायचा, ही विद्या त्या खोऱ्यात त्यांच्या एकट्याकडे होती. शिकायला लांबून लोक यायचे. बरेचसे दोन दिवसांत कंटाळून परत जायचे.

सुजयचे वडील माधवराव मात्र टिकले. टेलिफोन खात्यातले कडक साहेब. बावीस हिवाळे ते दर रविवारी पहाटेची एसटी धरून या नदीवर आले. पहिली तीन वर्षं त्यांना एकही मासा लागला नव्हता.

"अकरा रिळांचा तक्ता केलाय मी," सुजय म्हणाला. चाकणच्या एका कारखान्यात तो खरेदी विभागाचा प्रमुख होता. वस्तू पारखणं हेच त्याचं काम. "वजन, ब्रेक, दोरी किती मावते, गंजतं का. सगळी चार हजारांच्या आतली. त्याहून महाग आणलं तर बाबा ते कपाटात जपून ठेवतील, वापरणार नाहीत. न आवडलेली दोन परत करता येतात."

"हं."

"अर्धांगाच्या झटक्याला दोन वर्षं झाली. उजवा हात-पाय गेला. डाव्यातही पूर्वीची ताकद नाही. म्हणून हलकं."

आप्पांनी चहाचा घोट घेतला.

"बोलतात का?"

"फारसं नाही. शब्द अडकतो, मग चिडतात. हल्ली तर खिडकीकडे पाठ करून बसतात."

"आणि नदीवर यायचं म्हटल्यावर काय म्हणाले?"

"त्यांना अजून सांगितलं नाही. आधी वस्तू नीट ठरवू म्हटलं. उगाच आशा लावायची आणि जमलं नाही तर..."

"घरी कोण आहे त्यांच्याजवळ?"

सुजयने वर रस्त्याकडे पाहिलं.

"घरी नाहीत ते... वर रस्त्यावर. गाडीत बसवलंय."

आप्पांनी कप खाली ठेवला. उठले, आणि चपला न घालताच चढाला लागले.

गाडीच्या काचा बंद होत्या. आत माधवराव मान खाली घालून बसले होते. अंगात स्वेटर, गळ्यात मफलर, वरच्या बटणापर्यंत सगळं नीट लावलेलं.

आप्पांनी दार उघडलं.

माधवरावांनी मान वर केली.

"साहेब, दोन वर्षं बिनपगारी रजा काढलीत की."

माधवरावांचा अर्धाच ओठ हलला. पण ते हसू होतं. सुजयने ते फार दिवसांनी पाहिलं.

मग माधवरावांनी डावा हात उचलून खाली, झाडांच्या मागे, दाखवला. तिथून पाण्याचा आवाज येत होता.

आप्पा आणि सुजय, दोघांनी हातांची बैठक करून त्यांना खाली आणलं. काठालगत, पुढचे पाय घोट्याएवढ्या पाण्यात येतील अशी प्लास्टिकची खुर्ची रोवली. त्यांचे मोजे आप्पांनी स्वतः काढले. पाय पाण्याला लागले तसे माधवरावांनी डोळे मिटले.

"गार आहे, बाबा. सर्दी होईल," सुजय म्हणाला.



आप्पा घरात गेले आणि आढ्याला टांगलेली एक लांब कापडी खोळ घेऊन आले. माधवराव आपला गळाचा रॉड कधीच शहरात नेत नसत. तिकडे नेऊन काय टेलिफोनच्या तारा पकडू, असं म्हणायचे. रॉड जसाच्या तसा होता. त्यावरचं जुनं रीळ मात्र गंजून जाम झालं होतं. आप्पांनी ते काढून बाजूला ठेवलं.

खोळीतून एक पत्र्याची डबीही निघाली. आप्पांनी ती उघडून माधवरावांच्या मांडीवर ठेवली.

आत पिसांचे किडे होते, वीसेक. शेजारच्या कोंबड्याची तांबडी पिसं आणि त्यावर जांभळा दोरा. सुजयच्या आईच्या शिलाई मशीनवरचा. एका दिवाळीत तिने त्याच दोऱ्याने पडदे शिवले होते, आणि रीळ अर्धं कुठे गेलं म्हणून घरभर शोधत फिरली होती. ती जाऊन आता सहा वर्षं झाली.

माधवरावांनी बोटाने एक किडा उलटा केला. तो जांभळा वेढा बराच वेळ बघत राहिले...

"लाव तुझं ते हलकं," आप्पा म्हणाले.

सुजयने ऐंशी ग्रॅमचं रीळ रॉडला बसवलं आणि रॉड वडिलांच्या डाव्या हातात दिला.

शेंडा खाली गेला. माधवरावांनी तो उचलला. पुन्हा खाली गेला. मनगट थरथरू लागलं. तिसऱ्या वेळेला टोक पाण्यात बुडालं आणि त्यांनी मान फिरवली. सुजय ओळखत होता ती मान. खिडकीकडे पाठ करताना ती तशीच फिरायची.

"म्हणूनच मी आधी..." तो पुटपुटला.

"दुसरं लाव."

"ते एकशेतीस ग्रॅम आहे, आप्पा. सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत जड. या तिन्हींत ते शेवटचं होतं."

"लाव."

त्याने ते लावलं. आप्पांनी रॉड घेतला आणि मुठीच्या पुढे एका बोटावर आडवा ठेवला. शेंडा खाली गेला नाही. मूठही खाली गेली नाही. मागच्या रिळाच्या वजनाने रॉड बोटावर तराजूसारखा तोलून राहिला.

"पण हे पन्नास ग्रॅमनी जास्त आहे!"

"साहेबांना रीळ धरायचंय का काठी?"



माधवरावांच्या हातात रॉड आला तेव्हा शेंडा आपोआप वर राहिला. मनगट थोडं हललं आणि थांबलं. त्यांनी श्वास घेतला. हात मागे नेला, पुढे आणला. दोरी वळण घेत गेली, फार लांब नाही, सात-आठ हातांवर, आणि तांबडा किडा पाण्यावर टेकला.

"जमलं!" सुजय ओरडला.

"मासा लागला तर दोरी कोण ओढील?" आप्पांनी विचारलं.

सुजयने वडिलांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर पडला होता. एका हातात रॉड, दुसऱ्या हाताने दोरी. नाहीतर हा खेळ होतच नाही. अकरा रिळं, सात रकाने. हा प्रश्न त्याला सुचलाच नव्हता.

"मग... स्वयंचलित रीळ मिळतं का बघावं लागेल. गुंडाळणारं. मी चौकशी..."

आप्पांनी त्याच्या बुटांकडे बोट दाखवलं.

"काढ ते."

सुजय पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला. वडिलांच्या उजव्या बाजूला, खुर्चीला खेटून उभा राहिला. आप्पांनी दोरी त्याच्या बोटांत दिली.

बराच वेळ काही झालं नाही. धुकं विरलं. पलीकडच्या काठाला एक खंड्या दोनदा बुडी मारून गेला. माधवराव टाकत होते, सुजय दोरी हळूहळू ओढत होता. पहिल्यांदा तो घाई करायचा, मग उशीर. हळूहळू वडिलांच्या मनगटाकडे बघायची गरज उरली नाही. खुर्चीच्या हलण्यावरूनच कळू लागलं.

लहानपणी रविवारी बाबा घरी का नसतात याचा त्याला राग यायचा. बावीस हिवाळे बाबा इथे नेमकं काय करत होते, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

आणि दोरीला झटका बसला.

सुजयने दोरी मुठीत घट्ट आवळली. रॉड कमानीसारखा वाकला.

"सो..." माधवराव म्हणाले.

"काय बाबा? हात दुखतोय?"

"सो... सो..."

"आप्पा, रॉड धरा, त्यांना झेपत नाहीये!"

आप्पा काठावर बसून राहिले.

माधवरावांचा चेहरा लाल झाला. गळ्याची शीर उभी राहिली. आणि टेलिफोन खात्यातला तो जुना, सगळं ऑफिस जागेवर उभं करणारा आवाज नदीवर घुमला.

"सोड!"

सुजयच्या हातून दोरी सुटली. रीळ करकरत फिरलं. मासा खोल गेला, वळला, थांबला.

"ओढ," माधवराव म्हणाले. स्पष्ट.

त्याने ओढलं.

"सोड."

त्याने सोडलं. आता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण दोन्ही हात गुंतलेले होते, पुसणार कसं? ओढ, सोड... सोड, ओढ... दोनच शब्द. दोन वर्षांत बाप-लेक इतकं बोलले नव्हते.

मासा वीतभरच होता. छोटासा महसीर, अंगावर तांब्यासारखे खवले. आप्पांनी आधी आपले हात भिजवले, मग गळ सोडवला आणि मासा माधवरावांच्या डाव्या तळव्यात पाण्याखाली धरला. तो क्षणभर तिथेच राहिला, कल्ले हलवत. मग नव्हता.

माधवरावांनी रिकामा तळवा पाण्यातच राहू दिला.

ऊन अंगावर आलं होतं. सुजयने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. सहाची गोळी, आठचा व्यायाम, अंघोळ, बटणं, रात्री दोनदा कूस बदलणं. दोन वर्षं एकट्याने निभावलेलं वेळापत्रक सवयीने त्याच्या डोक्यात सुरू झालं. तो वाकून बाबांचे पाय पाण्याबाहेर घेऊन पुसायला लागला.

"चला बाबा. आजच्यापुरतं एवढं बास. दमलात तुम्ही."

माधवरावांनी रॉड उचलून धरला. शेंडा वर, नजर पाण्यावर.

आप्पा घरातून दुसरी खुर्ची घेऊन आले. पहिलीच्या शेजारी पाण्यात रोवली आणि सुजयच्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब नाही दमले, बाळा... तू बस."