विचारपुशीचा धोंडा

ओढ्याच्या मधोमध तो चपटा काळा धोंडा दिसतो ना पाव्हणं, तिथपर्यंत या आणि थांबा. अलीकडे डोह आहे, सावली आहे, फोटोला जागा झकास आहे, सगळं मान्य. पण तालुक्यात खुरकूत आली आहे. गुरांच्या तोंडात फोड येतात, खुरांत जखमा होतात. "आम्ही कुठे गुरांना हात लावतोय?" हे सकाळपासून सात जणांनी विचारून झालं. अहो, तुमच्या बुटांना लागलेला चिखल कुणाच्या गोठ्यापुढचा आहे, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे का? बसा पलीकडेच, आणि या धोंड्याची गोष्ट ऐका.

फार जुनी गोष्ट. निगडवाडी तेव्हा सगळी पलीकडच्या काठाला होती. अलीकडे एकच घर, धुरपदाचं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दोन बैल आणि तोंडात फटकळ जीभ, एवढीच काय ती इस्टेट. पलीकडे वाडीत थोरला भाऊ होता, सखोबा. त्याच्यावर तिचा भारी जीव, म्हणे.

त्या साली माघात खुरकूत आली. वाडीने गुरं बांधून ठेवली, गायरान बंद केलं, पाणवठे वेगळे केले. तरी रोग आपला घरोघर फिरतोच आहे. देवीचा कोप म्हणून नारळ झाले, कोंबडी झाली. धुरपदा मात्र डोळे उघडे ठेवून होती. कुणाचं जनावर आजारी पडलं की सगळी वाडी विचारपुशीला जाणार. रीतच तशी, जो जाणार नाही तो माणसातून उठला. जायचं, थेट गोठ्यात शिरायचं, जनावराचा जबडा उघडून फोड बघायचे, चुकचुकायचं, पान खायचं आणि त्याच हातांनी, त्याच पायांनी पुढच्या घरी. चार दिवसांत तिथल्या गाईची लाळ गळायला लागलेली.

धुरपदाने कपाळावर हात मारून घेतला. देवीबिवी काही नाही, तुमची मायाच गोठ्यागोठ्यांतून रोग वाटत हिंडतेय, असं तिने भर पारावर सुनावलं, असं सांगतात. ऐकतो कोण? बाईचं डोकं फिरलंय म्हणाले आणि पुढच्या घरी विचारपुशीला गेले. त्या दिवसापासून तिने ओढा ओलांडणं सोडलं.

मग सखोबाचा बैल मेला. धुरपदाने दिवसभर चूल पेटवली नाही, पण ती गेली नाही. भावाला ते फार लागलं. चौथ्या दिवशी तो स्वतःच ओढ्यात उतरला. या धोंड्यावर पोचला, तेवढ्यात ती काठी घेऊन काठावर आली.

"तिथंच थांब दादा. पुढं पाऊल टाकू नकोस."

"माझा बैल गेला, तू आली नाहीस. आता मी आलो तर दारात बी घेत नाहीस?"

"वाडीत धड असे हे माझे दोनच बैल राहिलेत. ते गेले तर नांगर कशाला जुंपू, तुझ्या मानेला?"

तुला भाऊ मेला आणि मला बहीण, एवढं बोलून तो माघारी वळला. हाक मारावी असं तिला फार वाटलं. पण हाक मारली असती तर तो आला असता. म्हणून ती तशीच घरात गेली आणि रडली.

वैशाखापर्यंत रोग सरला. वाडीतली बरीच गुरं मेली होती, उरलेली लंगडत होती. जुवाखाली मान देईल असं एकही नव्हतं. सगळं निवळल्याची खात्री झाल्यावर धुरपदाने बैल ओढ्यापार नेले आणि आधी सखोबाचं रान नांगरलं. तो बांधावर पाठ करून बसला होता. मग तिने बाकीच्यांची रानं घेतली, आणि नांगराच्या प्रत्येक तासाला एकेकाचा उद्धार केला, म्हणे. मृगाच्या आधी सगळी वाडी नांगरून झाली.

त्यानंतर एका सकाळी सखोबा आला. आता अडवायला कुणी नव्हतं, तरी तो या धोंड्यावरच थांबला.

"ये की वर. आता कशाला थांबलास?"

"येतो. आधी विचारू तर दे." मग तो गोठ्याकडे बघून म्हणाला, "धुरपदे, बैल बरे हायेत का गं?"

"बरे हायेत, दादा."

मग तो वर आला.

आजही खुरकूत आली की पलीकडची माणसं पलीकडे राहतात आणि अलीकडची अलीकडे. पण रोज सकाळी कुणीतरी या धोंड्यावर येऊन एकेका घराचं नाव घेतं, गुरांची चौकशी करतं आणि उत्तर मिळाल्याशिवाय हलत नाही. ज्याचं भांडण आहे तोसुद्धा येतो. तुम्हालाही विचारायचं असेल तर विचारा. या काठाला एकवीस गुरं आहेत, आणि आजच्या सकाळपर्यंत सगळी बरी आहेत.