वीस मिनिटांचा हिरवा दिवा

एकदा एक बातमी आमच्या जिन्यातून अर्धीच वर आली. तळमजल्यावरच्या प्रभुणेबाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "अण्णांनी म्हणे रक्तपेढीचा सर्व्हर स्वतःच्या हाताने बंद पाडला, आणि त्या बिचाऱ्या मुलीची नोकरी..." एवढ्यात त्यांचं दार लागलं.

अर्धी बातमी पोटात ठेवून मला स्वस्थ बसवत नाही. अण्णा आमच्या समोरच्याच दारात राहतात, एकटे. गावातल्या रक्तपेढीचे संगणक गेली अठरा वर्षं ते सांभाळत आले, आणि आता ते काम ऋजुता नावाच्या शिष्येवर सोपवायचं त्यांच्या मनात होतं. मी मटकीच्या उसळीची वाटी घेतली नि बेल वाजवली.

ऋजुता आतच बसली होती. डोळे लाल. समोर टीपॉयवर घडी घातलेला एक कागद.

"या वहिनी," अण्णा म्हणाले. "वाटी आलीय म्हणजे बातमी खालपर्यंत पोचलेली दिसते."

"खालूनच वर आली," मी म्हटलं. "पण अर्धी."

मग जे कळलं ते असं. रक्तपेढीत एक रीत आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी एक तास सगळं काम कागदी वहीत चालतं. यंत्र दगा देईल त्या दिवशी हात अडखळू नयेत म्हणून. त्या तासात डेटाबेसला, म्हणजे संगणकातल्या पिशव्यांच्या नोंदींना, कुणी हात लावत नाही. सर्व्हर मात्र चालू असतो, आणि ऋजुताच्या टेबलावरचा संगणक दर मिनिटाला त्याची विचारपूस करत असतो. या विचारपुशीची एक ठरलेली भाषा आहे, एसएनएमपी तिचं नाव. सर्व्हरकडून उत्तर आलं की स्क्रीनवर हिरवा दिवा, नाही आलं की तांबडा. ही सगळी व्यवस्था ऋजुताने स्वतः बसवलेली, आणि तिचा तिला अभिमानही होता.

त्या शनिवारी अण्णांनी पेढीच्या डॉक्टरबाईंना तेवढं सांगून ठेवलं, आतल्या खोलीत जाऊन डेटाबेस बंद केला आणि शांतपणे ऋजुतासमोर येऊन बसले. चहा मागवला.

"काय म्हणतोय सर्व्हर?"

"सगळं हिरवं आहे, सर."

थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न.

"हिरवंच आहे, सर. आणि काही झालंच तर तो आपण होऊन इशारा पाठवेल ना."

चहा संपला. कप खाली ठेवत अण्णा म्हणाले, "ओ निगेटिव्हच्या पिशव्या किती शिल्लक आहेत, बघून सांग जरा."

तिने बघायला घेतलं. काही उघडेचना. वर दिवा मात्र हिरवागार.

"वीस मिनिटं बंद होता, काकू," ऋजुता मला म्हणाली. "आणि मी आपली हिरवं, हिरवं म्हणत बसले. ऑपरेशनच्या टेबलावर खरंच कुणी असतं तर? मी राजीनामा लिहून आणलाय. हे माझ्या हातून व्हायचं नाही."

"अहो अण्णा, पण पोरीला असं फसवायचं का?" मला राहवलं नाही.

"फसवलं खरं," अण्णा म्हणाले. "सांगून शिकवलं असतं तर तिने वहीत उतरवून घेतलं असतं, आणि वही मिटली असती." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "तू सर्व्हरला काय विचारत होतीस?"

"चालू आहेस का. मेमरी किती, डिस्क किती, तापमान किती."

"तो खोटं बोलला?"

"नाही."

"यंत्र चालूच होतं. काम थांबलं होतं त्याच्या पोटातलं. त्याबद्दल तू विचारलंच नाहीस. गेल्या श्रावणात मी तापाने पडलो होतो. तिघेजण दाराशी येऊन 'अण्णा, बरे आहात ना?' असं विचारून गेले. मी आतून 'हो' म्हणालो. 'हो' म्हणण्यापुरती शक्ती अंगात फार वेळ टिकते, बरं का. या वहिनींनी मात्र विचारलं, 'आज कुकरची शिट्टी का नाही झाली? दुधाची पिशवी दाराला अजून कशी लटकतेय?' त्याला 'हो' हे उत्तर चालेना. मला उठून दार उघडावं लागलं."

चौकस म्हणून मला नावं ठेवणारेच आजवर भेटले होते. मी उगाचच उसळीवरची ताटली सारखी केली.

"डेटाबेसलाही तसंच विचारावं," अण्णा पुढे म्हणाले. "तुझ्या त्याच भाषेत ती सोय आहे. जागा आहेस का, आत्ता किती जण तुझ्याशी जोडलेले आहेत, गेल्या मिनिटात किती कामं पुरी केलीस, नोंदी ठेवायला जागा किती उरली. आणि इशाऱ्याची वाट पाहत बसू नये. तो साध्या पोस्टकार्डासारखा असतो. पोचलं की नाही ते पाठवणाऱ्यालाही कळत नाही. शिवाय जो उभ्याउभ्या कोसळला, त्याला पत्र लिहायला उसंत कुठली? आपण जाऊन विचारायचं. लिही हे."

"कशावर लिहू?"

टीपॉयवर कागद एकच होता. ऋजुताने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, घडी उलगडली, कागद पालथा घातला आणि लिहू लागली.

"आणि हेही विचार गं," मी म्हटलं, "की रोज या वेळेला एवढी वर्दळ असते, आज कुणीच कसं नाही?"

"हे मलाही सुचलं नव्हतं," अण्णा हसले. "हेही लिही."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी अण्णांनी पुन्हा डेटाबेस बंद केला. ते खुर्चीतून उठतात न उठतात तोच ऋजुता दारात उभी. "चालू करा, सर." अण्णांनी खोलीच्या किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या.

प्रभुणेबाईंना मी मुद्दाम खाली जाऊन सांगून आले. सर्व्हर बंद पडला नव्हता, त्याच्या पोटातलं काम मात्र अण्णांनी थांबवलं होतं, हे खरं. मुलीने राजीनामा लिहिला होता, हेही खरं. तो कागद रक्तपेढीत तिच्या स्क्रीनशेजारी चिकटवलेला आहे, प्रश्नांची बाजू वर ठेवून.