कोरड्या पात्राचे पान

पूर्वी चीन देशी, मिंगशुई नदीकाठच्या नगरात शेन नावाचा राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व नद्यांचा वृत्तान्त लिहिणाऱ्या कुळात जन्माला आले. नदी कुठे उगवते, कुठे वळते, कुणाला मिळते, हे सारे ते लिहून ठेवत. घराण्याचा दंडक असा, की स्वतः चालून पाहिलेली नदी काळ्या शाईने लिहायची आणि नुसती ऐकलेली तांबड्या. तीस वर्षे पायपीट करून त्यांनी एकशे सदतीस नद्या एका ग्रंथात लिहिल्या. भल्याभल्यांनी तोंडात बोटे घालावीत अशी ती चिकाटी.

ग्रंथ वाचून राजा हरखला. मिंगशुईचे जुने पात्र कायमचे कोरडे झाले आहे, असे त्यात होते. तिथे तीनशे कुटुंबे वसवायचे त्याने ठरवले आणि ग्रंथाच्या गौरवाचा दिवसही नेमला.

हे बोधिसत्त्वांच्या कानावर आले. त्या पात्राकडे ते कधी गेलेच नव्हते. ते पान लिहिले त्या वर्षी त्यांनी तापाने अंथरूण धरले होते, म्हणून एका व्यापाऱ्याने सांगितलेले त्यांनी काळ्या शाईत उतरवले होते. एका पानाने काय बिघडते, असे तेव्हा वाटले होते.

ते तडक निघाले. पात्रात गवत माजले होते. काठावर राहणाऱ्या फान नावाच्या म्हाताऱ्या नावाडिणीने झाडाच्या बुंध्यावर, पुरुषभर उंचीवरची गाळाची रेघ दाखवली. म्हणाली, "बारा-पंधरा वर्षांनी येतेच ती, बाबा. आता यायचीच आहे."

गौरवाच्या दिवशी बोधिसत्त्वांनी भर दरबारात ते पान उघडले. "महाराज, हे मी न पाहता लिहिले. हे खोटे आहे."

राजाचा पारा चढला. एक पान खोटे, तर बाकीच्यांवर भरवसा कसा ठेवायचा, असे म्हणून त्याने सारा ग्रंथ नदीत बुडवायची आज्ञा दिली.

"बुडवा," बोधिसत्त्व म्हणाले. "पण माणसे तिथे धाडू नका."

ग्रंथ बुडाला. वसाहत मात्र राजाने थांबवली. दुसऱ्याच वर्षी जुन्या पात्रातून पाणी घोंघावत आले, आणि तीनशे कुटुंबांनी ते उंचावरून, लेकरे कडेवर घेऊन पाहिले. राजा अनवाणी बोधिसत्त्वांच्या दारी आला आणि ग्रंथ पुन्हा लिहा म्हणून हात जोडून उभा राहिला. बोधिसत्त्वांची साठी उलटली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ते पहिल्या नदीच्या उगमाकडे चालू लागले.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तो राजा म्हणजे आजचा भिक्षू सुनेत्र, फान म्हणजे उपासिका धम्मिला, आणि न पाहता लिहिणारा मीच होतो. त्या जन्मी मी सत्यपारमिता, म्हणजे सत्याचे परम आचरण, साधली, तीही चुकल्यानंतर."