खडकांतली वाट

गाद्यांचे कारखानदार ब्रिकमनसाहेब निवडणुकीत अध्यक्षांसाठी जेवणावळी घालत फिरले आणि बक्षीस म्हणून अमेरिकेचे राजदूत होऊन मोराई बेटावर आले. हे बेट नेमकं कुठे आहे, ते त्यांना विमानात बसल्यावर कळलं. दूतावासात डोरीनबाई तीस वर्षं मुरलेल्या, बेटावरच्या कोळ्यांशी त्यांच्याच भाषेत बोलणाऱ्या. साहेबांनी पहिल्याच दिवशी त्यांना मासेमारीच्या तहाच्या बोलण्यांतून बाजूला केलं.

बेटाच्या म्हाताऱ्या राणीने कारण विचारलं. साहेब म्हणाले, "अनुभवाचं काय घेऊन बसलात, राणीसाहेब? वरच्यांचा विश्वास असला की माणूस कुठलंही काम पेलतो."

राणीने मान डोलावली आणि बैठकीला जायची होडी आपणच देऊ म्हणाली.

तहाची बैठक पलीकडच्या बेटावर होती आणि वाटेत पाण्याखाली खडकच खडक. राणी निरोप द्यायला धक्क्यावर आली होती. साहेब ऐटीत होडीत बसले. समोर रेशमी सदऱ्यातला एक गुबगुबीत गृहस्थ वल्हं उलटं धरून बसला होता.

"किती वर्षं होडी चालवता?" साहेबांनी विचारलं.

"आज पहिल्यांदाच. पण राणीसाहेबांच्या राज्याभिषेकाला जेवणावळी मीच घातल्या होत्या. त्यांचा माझ्यावर फार विश्वास."

साहेब टुणकन धक्क्यावर आले. "राणीसाहेब, हा जिवाशी खेळ आहे. वाट माहीत असलेला माणूस द्या."

"देते की," राणी म्हणाली. "माझ्या कोळ्यांचाही जीव या तहावर आहे. आम्हीही तुमच्याकडे तेवढंच मागतोय."

रेशमी सदरा उतरला, वाट माहीत असलेला नावाडी होडीत चढला आणि त्याच्यामागून डोरीनबाई. संध्याकाळी साहेबांनी अध्यक्षांना कळवलं, तह माझ्या अनुभवामुळे झाला.