बेनूमामांच्या गिटारीतला दोरा

"आता ऐका, चाचा. कुठे खुपतंय का?"

हेरंबने गिटारीची तिसरी तार छेडली. स्वर अगदी स्वच्छ निघाला.

उस्मानचाचांनी ऐकलं. मग विचारलं, "आनि हितला, तारेखालचा दोरा?"

"तो होय! काळा पडला होता. त्यानं तार खरखरत होती, म्हणून काढून टाकला."

"कुठं टाकलास?"

"केरात."

चाचा काही बोलणार, तेवढ्यात बेनूमामांची मुलगी एस्तर आली आणि गिटार उचलून रंगमंचाकडे गेली…

मिरजेत सतार-तंबोरे करणाऱ्यांची गल्ली आहे. तिथे हेरंब अकरा वर्षं उस्मानचाचांच्या हाताखाली जवारीचं काम शिकत होता. तंबोऱ्याच्या घोडीवर तार जिथे टेकते ती जागा कानशीने घासायची. मग तारेखाली सुती दोरा सरकवत सरकवत नेमकी जागा शोधायची. सापडली की तार गुंजू लागते आणि उस्ताद म्हणतो, "उघडली."

बस्स, एवढा एकच शब्द. आणि अकरा वर्षांत तो हेरंबच्या वाट्याला आला नव्हता.

त्याने जवारी लावलेले तंबोरे पुण्या-मुंबईला गेले, गवयांनी वाखाणले. स्वारी जमिनीपासून चार बोटं वर चालू लागली. चाचा मात्र त्याच्या तंबोऱ्याला कान लावत, मान डोलावत आणि चहा सांगत. हेरंब त्या शब्दासाठी आतल्या आत झुरत होता.

त्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये बेनूमामा लोंढ्यांच्या औषधपाण्यासाठी गाण्याचा कार्यक्रम होता. बेनूमामा रेल्वेतले जुने पॉइंट्समन, गाड्यांना निशाण दाखवणारे, आणि मिरजेत ब्लूज गाणारे एकटेच. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची ही झुरणीची गाणी. मामांनी ती मराठीत आणली. रागदारीच्या गावात त्यांना कधी कोणी फारसं विचारलं नाही. अर्धांगाने डावा हात गेला, तेव्हा मात्र हॉलमध्ये उभं राहायला जागा उरली नाही. माणूस पडल्यावर त्याची उंची मोजायची, ही आपली जुनी खोड.

गिटार नीट करून द्यायचं काम हेरंबने आपण होऊन मागून घेतलं होतं. वाटलं, आज तरी चाचा "उघडली" म्हणतील.

नाट्यगीत झालं, तबला झाला. मग एस्तरने वडिलांना धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं. डावा हात मांडीवर निपचित पडून होता. मामांनी उजव्या अंगठ्याने तिसरी तार छेडली.

थांबले.

परत छेडली. आपल्या घराचं दार उघडावं आणि आत अनोळखी माणूस बसलेला दिसावा, तसे ते गिटारीकडे बघत राहिले.

"एस्तर… ही माझी न्हवं गं."

ते माइकमधून सगळ्यांनी ऐकलं. हेरंबने शेजारी बसलेल्या चाचांचा हात धरला.

"चाचा, तुम्ही जा ना वर. दोरा घाला."

"काढला कुनी?"

"मीच. पण समोर सगळे गवई बसलेत. एवढ्या लोकांत माझं नाव…"

"त्या दोऱ्याला आपल्या गल्लीत काय म्हनत्यात?"

हेरंबची मान खाली गेली. "जीव," तो पुटपुटला.

चाचांनी गळ्यातल्या रुमालाचा एक धागा ओढून काढला, त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटली.

हेरंब वर गेला. गुडघ्यांवर बसला.

"मामा, तुमचा दोरा मी काढला. मला वाटलं, खरखर म्हणजे दोष."

मागून कोणीतरी बोललंच, "जवारीवाल्यालाच खरखर कळंना व्हय!" लोक हसले. बेनूमामा हसले नाहीत.

"घाल," एवढंच म्हणाले.

हेरंबने धागा तारेखाली सरकवला. "इथे?"

मामांनी तार छेडली. "न्हाई."

"इथे?"

"न्हाई."

मग अकरा वर्षांच्या सरावाने हेरंबने अचूक जागा धरली. तार तंबोऱ्यासारखी गोड गुंजली. पुढच्या रांगेतल्या गवयांनी माना डोलावल्या.

"ब्येस हाय," मामा म्हणाले. "पर माझं न्हाई."

आता हेरंबकडे विद्या उरली नव्हती. त्याने तारेकडे बघणं सोडलं आणि म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत धागा केसभर पुढे नेला, अचूक जागेच्या पलीकडे. तारेचा आवाज चिरकला. बोलता बोलता गळा दाटून यावा तसा.

बेनूमामांनी डोळे मिटले.

"तू बसलीस त्या गाडीला… हिरवं निशान म्याच दावलं…"

ओठ वाकडे झालेले, निम्मे शब्द आतच राहत होते. तीच ओळ ते पुन्हा पुन्हा गात राहिले. दर वेळी तार त्याच ठिकाणी चिरकत होती. मागे उभ्या एस्तरने तोंड भिंतीकडे फिरवलं. ती गाडी तिच्या आईला घेऊन गेली होती, कायमची.

हेरंब तिथेच गुडघ्यांवर बसून रडला. गवई बघताहेत हेसुद्धा त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

कार्यक्रम संपला. दोघे दुपारच्या उन्हातून गल्लीकडे निघाले.

शेवटी हेरंबला राहवेना.

"चाचा… अकरा वर्षं वाट बघतोय. आज तरी सांगा. उघडली का?"

चाचा थांबले. उस्तादांचं नाव काढताना गल्लीतला प्रत्येकजण कानाची पाळी धरतो. चाचांनी ती धरली, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"माझ्या उस्तादांना जाऊन चाळीस वर्सं झाली, लेकरा… त्यांनी बी मला अजून सांगितलं न्हाई."