नव्या दगडातला केसाळ पाहुणा

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी काचेच्या टाकीतल्या इवल्याशा समुद्रात नवा दगड उतरला. दगड खऱ्या समुद्रातला, भोकाभोकांचा. त्यातल्या एका भोकातून लांबलचक केसाळ किडा डोकावला आणि केशरी मासोळी आपल्या पिल्लांपुढे आडवी झाली.

"अगं बाई! हा मेला कोण न बोलावता आला? माझी पिल्लं खाईल!"

"मावशी, मी उरलंसुरलं खातो हो," किडा म्हणाला.

शंखातला म्हातारा खेकडा म्हणाला, "पोरी, जरा दमानं घे. मीही असाच दगडाला चिकटून आलो होतो."

"तुमचं काय जातंय बाबा? तुम्हाला ना लेकरू ना बाळ!" असं म्हणत केशरीनं काचेवर धडका मारल्या. टाकीच्या मालकानं वाकून पाहिलं, तर त्याला किडा दिसला. बाहेर गोड्या पाण्याची बादली होती. त्यात बुडवलं की खाऱ्या पाण्यातला जीव मरतोच. मालकानं अख्खा दगडच उचलायला घेतला.

केशरीला हायसं वाटलं. तिनं पिल्लं जवळ घेतली, तर धाकटा सोनुला कुठे दिसेना!

"आई, तो नव्या दगडात लपायला गेलाय," थोरली म्हणाली.

केशरीचे कल्लेच थांबले. तिनं पुन्हा धडका दिल्या, पण मालकाला वाटलं, ती अजून किड्यालाच भितेय. दगड पाण्याबाहेर निघता निघता किड्यानं सोनुल्याला भोकातून बाहेर ढकललं. तो टपकन टाकीत पडला.

"सांभाळा मावशी," एवढंच ऐकू आलं. मग बादलीत धप्पकन आवाज झाला.

त्या किड्याचं नावसुद्धा केशरीनं विचारलं नव्हतं. तुमच्या शेजारी कुठं नवा दगड आला, तर तिथल्या आयांना तिचा एवढा निरोप सांगाल का, की पाहुण्याला हाकलण्याआधी त्याचं नाव तरी विचारा?